मीरा : इचलकरंजीची मोटार आणि परवान्याचा कागद

१/
१९४९ साली दक्षिण महाराष्ट्रातील इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावात दोन माणसे बसतील एवढी एक चिमुकली मोटार रस्त्यावर आली. तिच्यामागे एकच डोके होते, शंकरराव कुलकर्णी यांचे. त्यांचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झालेले. ही मोटार ‘मीरा’ या नावाने ओळखली जाते. पुढची सुमारे पंचवीस वर्षे शंकरराव तिचे नवनवे नमुने घडवत राहिले. १९७५ चा नमुना मुंबईत लोकांसमोर आला. मीरेचे कारखानी उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. ते का झाले नाही, याचा शोध घेणारा हा धागा.

२/
मीरेचे छायाचित्र समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते आणि त्याखाली दोन प्रकारचे निकाल लागलेले असतात. एक म्हणतो, सरकारने मराठी माणसाची मोटार मारली. दुसरा म्हणतो, ती एका हौशी कारागिराची करामत होती, तिचे एवढे कौतुक कशाला? दोन्ही निकाल घाईचे आहेत. मोटार घडवणे, तिची नोंदणी होणे आणि तशा हजारो मोटारींचे उत्पादन होणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. शंकरराव पहिली पायरी चढले, दुसरीही चढले. तिसरीपाशी काय घडले, हे समजण्यासाठी तो काळ नीट पाहावा लागतो.

३/
प्रथम भूमी पाहू. इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे रूप पालटले. जवळच्याच टापूत १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगर ओतायला सुरुवात केली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्र पाहून स्वतःचा चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि त्याच्या बळावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. यंत्र उघडायचे, समजून घ्यायचे आणि आपल्या भट्टीवर, आपल्या लेथवर पुन्हा घडवायचे, ही या भागाची रीतच होती. मीरा त्या परंपरेत जन्मली.

४/
शंकररावांनी लहान मोटारीचा ध्यास घेतला तो १९४५ च्या सुमारास. महायुद्ध संपत होते. पेट्रोल शिधापत्रिकेवर होते. मोटार म्हणजे संस्थानिक, गोरे अधिकारी, गिरणीमालक आणि मोठे डॉक्टर यांचे वाहन. सामान्य माणसाची धाव सायकलीपर्यंत, फार तर टांग्यापर्यंत. अशा वेळी एका तालुकावजा गावात बसून मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडेल अशा मोटारीचा विचार करणे ही साधी गोष्ट नव्हती. आपल्याकडे ज्यांच्या दारात मोटार नव्हती त्यांच्यासाठी मोटार आखणारे लोक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसावेत.

५/
देशात त्या वेळी कोणत्या मोटारी मिळत? १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत सुटे भाग आणून मोटारी जोडत असे. फोर्डही पाठोपाठ आली. १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. वालचंदांनी क्रायस्लरशी आणि पुढे फियाटशी हातमिळवणी केली. बिर्लांनी इंग्लंडच्या मॉरिसशी. भांडवल देशी, कारखाना देशी, पण आराखडा परदेशी, असा हा व्यवहार होता. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी मोटार मुळात इटलीतील रस्ते आणि इटलीतील कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून आखलेली होती.

६/
कोरा कागद घेऊन मोटार आखणाऱ्यासमोर पहिला प्रश्न वजनाचा असतो. मोटार स्वस्त हवी तर इंजिन लहान हवे. इंजिन लहान तर गाडी हलकी हवी. गाडी हलकी तर तिचा प्रत्येक भाग कमीत कमी धातूत बसवायला हवा. म्हणूनच त्या काळातील युरोपातल्या अनेक लहान मोटारींचे इंजिन मागे असे. इंजिन मागे बसवले की पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा वाचतो, पायांखालचा उंचवटा जातो, जागा वाढते. इंजिन हवेने थंड होणारे घेतले तर पाण्याची टाकी आणि तिची नळजोडही वाचते. वाचलेला प्रत्येक किलो पुढे पेट्रोलात वाचतो. मीरेचा विचार याच वळणाने गेलेला दिसतो.

७/
मीरेतील सर्वांत लक्षवेधी गोष्ट म्हणजे तिच्या चाकांवरचे रबर. मोठ्या गाड्यांना पोलादी पाटे असत. शंकररावांनी रबराचा आधार घेतला. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. समजा, गाडी चारशे किलोंची आहे आणि तिच्यात साठ-साठ किलोंची चार माणसे बसली. भार एकदम निम्म्याहून अधिक वाढला. पोलादी पाटे रिकाम्या गाडीला बेताचे ठेवले तर भरलेली गाडी बसते. भरलेल्या गाडीला बेताचे ठेवले तर रिकामी गाडी उधळते. रबराचा गुण असा, की ते जितके दाबावे तितके अधिक ताठर होत जाते. शिवाय घासणारे भाग कमी, वंगण कमी, देखभाल कमी.

८/
आता इंग्लंडकडे पाहा. १९५९ मध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ बाजारात आली आणि मोटारींच्या इतिहासात अजरामर झाली. तिच्या चाकांवरही पोलादी स्प्रिंगऐवजी अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी घडवलेले रबराचे शंकू होते, आणि कारण हेच: हलक्या गाडीत माणसांचा भार फार मोठा ठरतो. इसिगोनिस यांच्या पाठीशी ब्रिटनमधील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती, चाचणीची मैदाने होती, रबराचे शास्त्र जाणणारे तज्ज्ञ होते. शंकररावांपाशी एक वर्कशॉप होते. दोघांनी एकमेकांची नक्कल केली असे मुळीच सुचवायचे नाही. एकाच अडचणीशी झुंजणारी दोन डोकी एकाच दिशेने वळली, एवढे म्हणावे.

९/
दुसरी पायरी नोंदणीची. त्या वेळी १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता. गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असे अधिकाऱ्याला पटले, की तिला क्रमांक मिळू शके. मीरेच्या नमुन्यांना असे क्रमांक मिळाले, ती रीतसर रस्त्यावर धावली. म्हणजे ‘सरकारने मोटार चालूच दिली नाही’ हा समज बरोबर नाही. एका माणसाने एक मोटार घडवावी आणि ती चालवावी, याला तेव्हाच्या कायद्याची आडकाठी नव्हती. अडचण एकापासून हजाराकडे जाताना सुरू होणार होती.

१०/
१९५१ मध्ये उद्योग (विकास व नियमन) कायदा संमत झाला आणि १९५२ च्या मे महिन्यात अमलात आला. परिशिष्टात नोंदलेल्या उद्योगांपैकी कोणताही नवा कारखाना काढायचा, असलेला वाढवायचा किंवा नवी वस्तू बनवायची तर केंद्र सरकारचा परवाना आवश्यक ठरला. मोटारी त्या परिशिष्टात होत्या. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात पन्नास कामगार झाले, की कायदा लागू. पन्नासांच्या आत राहिले तर परवान्यातून सुटका, पण तेवढ्या हातांनी मोटार स्वस्तात बनत नाही. स्वस्त मोटारीच्या कल्पनेला मोठा कारखाना लागतो आणि मोठ्या कारखान्याला दिल्लीचा कागद लागतो, असा तो पेच होता.

११/
हा कायदा करणाऱ्यांना दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. देश नुकताच स्वतंत्र झालेला. पोलाद अपुरे, परकीय चलन अपुरे, भांडवल अपुरे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या प्रारंभीच, १९५७ च्या सुमारास, परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटली. एक टन पोलाद आहे. त्याचे धरणाचे दरवाजे करायचे, मालट्रक करायचा की मोटार? या प्रश्नाचे त्या पिढीने दिलेले उत्तर स्पष्ट होते. आधी धरण, मग ट्रक आणि बस, मोटार सर्वांत शेवटी. रांगेमागे तर्क होता. प्रश्न एवढाच, की त्या रांगेत शंकररावांसारख्यांना उभे राहायला जागा होती का?

१२/
आमच्या गडचांदूर-कोरपना भागातील जुन्या पिढीला हा काळ सिमेंटच्या निमित्ताने आठवेल. घर बांधायचे तर सिमेंटचा परवाना काढावा लागे आणि त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले. गडचांदूरचा माणिकगड सिमेंट आणि शेजारचा आवारपूरचा कारखाना हे त्याच ऐंशीच्या दशकाचे अपत्य. चुनखडी तर या जमिनीत कोट्यवधी वर्षांपासून होती. तिच्यावर धुराडी उभी राहण्याची वेळ मात्र खाणीबरोबरच धोरणानेही ठरवली. मोटारीचेही तेच झाले, आणि तिची सुटका तर सिमेंटच्याही नंतर झाली.

१३/
लहान मोटारीचा विचार सरकारने केलाच नाही, असेही नाही. लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६० मध्ये मोटार उद्योगाचा आढावा घेतला, त्यात स्वस्त मोटारीचा विषय होता. त्यानंतर दशकभर ‘जनतेची मोटार’ हा शब्द संसदेत, वृत्तपत्रांत आणि फायलींत घोळत राहिला. सरकारी क्षेत्रात काढावी की खासगी, परदेशी मदत घ्यावी की नाही, यावर चर्चा झडल्या. दर वेळी निकाल तोच: तूर्त प्राधान्य नाही. फाइल बंद झाली नाही आणि पुढेही सरकली नाही. अशी लटकलेली फाइल नकारापेक्षा महाग पडते. नकार मिळालेला माणूस दुसरा धंदा तरी शोधतो.

१४/
दरम्यान जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५३ च्या धोरणानंतर जोडणी बंद करून निघून गेल्या. मोटारींचे क्षेत्र मुख्यतः तीन कंपन्यांच्या हाती राहिले: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. संपूर्ण देशात वर्षाकाठी तीस-चाळीस हजार मोटारी बनत. फियाटसाठी आगाऊ रक्कम भरून लोक वर्षानुवर्षे थांबत. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीच बांधून दिल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिऱ्हाईक रांगेत उभे होते, कारागीर रांगेत उभा होता, आणि दोन्ही रांगा एकमेकींना भेटत नव्हत्या.

१५/
आता जपानकडे जाऊ, कारण येथे एक विलक्षण साम्य आहे. शंकररावांचा पहिला नमुना १९४९ चा. त्याच वर्षी युद्धात बेचिराख झालेल्या जपानने कायद्यात हलक्या मोटारींचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला, त्याला तेथे ‘केई’ म्हणतात. लांबी ठरावीक, इंजिन ठरावीक. १९५५ पर्यंत इंजिनाची मर्यादा ३६० घनसेंटिमीटरवर स्थिरावली. या मर्यादेत बसणाऱ्या गाडीला कर कमी, नियम सौम्य. जपानपाशीही पोलाद आणि परकीय चलन मुबलक नव्हते. त्या टंचाईचे उत्तर म्हणून त्यांनी लहान मोटारीला रांगेत पुढे घेतले. आपण त्याच टंचाईपायी तिला मागे ढकलले.

१६/
त्या नियमाचा लाभ कोणी घेतला? हामामात्सु गावात मिचिओ सुझुकी नावाच्या सुताराच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराने १९०९ मध्ये हातमाग-यंत्रमागांचा कारखाना काढला होता. १९३० च्या दशकातच त्यांना मोटारीचा ध्यास लागला. त्यांनी इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन विकत घेऊन ती सुटी करून अभ्यासली. युद्धामुळे ते काम थांबले. युद्धानंतर कापडधंदा कोसळला तेव्हा कंपनी सायकलीला जोडायच्या इंजिनाकडे वळली, आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० घनसेंटिमीटरची मोटार तिने बाजारात आणली. जर्मनीची लॉईड ही मोटार तिला नमुना म्हणून समोर होती. टोयोटाचे मूळही मागांच्याच कारखान्यात आहे.

१७/
हामामात्सु मागांचे गाव, इचलकरंजी मागांचे गाव. इकडे यंत्र उघडून शिकणारा कारागीर, तिकडेही तसाच. फरक दोन होते. पहिला भांडवलाचा: सुझुकींपाशी चार दशके चाललेला कारखाना, कामगार आणि बँकेतील पत होती, शंकररावांपाशी यातले फारसे काही नव्हते. हा फरक झाकून तुलना केली तर ती भावनिक ठरेल. दुसरा फरक कायद्याचा: सुझुकींना ‘एवढ्या मापाची गाडी बनवा, सवलत मिळेल’ असे लिहून ठेवलेला नियम मिळाला, शंकररावांना मापही नव्हते आणि मुदतही नव्हती.

१८/
साठीच्या दशकाअखेर फाइल अखेर हलली. १९७० मध्ये सरकारने लहान मोटारीसाठी इरादापत्र दिले ते पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे धाकटे पुत्र संजय गांधी यांना. ते इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइसच्या कारखान्यात उमेदवारी करून आलेले होते. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड स्थापन झाली. वर्षाला पन्नास हजार मोटारींचे स्वप्न मांडले गेले. गाडी पूर्णतः स्वदेशी असावी, परदेशी सहकार्य आणि आयात नसावी, अशा अटी होत्या. गुडगाव येथे जमीन मिळाली, १९७४ मध्ये परवानाही मिळाला.

१९/
पण मोटार काही बनली नाही. काही नमुने तयार झाले, अपेक्षित उत्पादन कधीच सुरू झाले नाही. कंपनी इतर धंद्यांत गुंतत गेली. १९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर न्यायमूर्ती अ. च. गुप्ता यांच्या आयोगाने मारुतीच्या कारभाराची चौकशी केली आणि कंपनी अवसायनात गेली. जमीन, परवाना, राजकीय वजन, बँकांचे कर्ज आणि विक्रेत्यांच्या ठेवी एवढे सारे हाताशी असूनही स्वदेशी मोटार रस्त्यावर हजारांनी आली नाही, ही गोष्ट मीरेच्या इतिहासात महत्त्वाची आहे. कारण तीच सांगते, की परवाना म्हणजे मोटार नव्हे.

२०/
येथे दोन चित्रे शेजारी ठेवावीत. इचलकरंजीत मोटार होती, परवाना नव्हता. गुडगावात परवाना होता, मोटार नव्हती. ‘मारुतीसाठी मीरेचा बळी दिला’ हे वाक्य ऐकायला धारदार आहे, पण कालक्रमात ते पूर्णपणे बसत नाही: मीरेचा पहिला नमुना आणि मारुतीचे इरादापत्र यांत एकवीस वर्षांचे अंतर आहे. ती एकवीस वर्षे मीरा कोणत्याही एका व्यक्तीमुळे अडली नव्हती. ती अडली होती अशा व्यवस्थेत, जिच्यात नमुना तपासून ‘हा पुढे नेण्याजोगा आहे’ असे ठरवणारी खिडकीच नव्हती.

२१/
आता शंकररावांच्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडू. सत्तरच्या दशकात मीरा बारा हजार रुपयांना देण्याचा त्यांचा मानस होता. एका नमुन्याचा पत्रा हातोडीने ठोकून आकाराला आणता येतो. हजार गाड्यांसाठी दाबयंत्रे आणि पोलादी साचे लागतात, आणि साच्याचा खर्च किती गाड्यांवर वाटला जातो यावर किंमत ठरते. एका गाडीचा दट्ट्या दुसऱ्या गाडीत तंतोतंत बसला पाहिजे, म्हणजे मापे, मापके आणि तपासनीस हवेत. टायर, काच, दिवे, कार्ब्युरेटर पुरवणारे हवेत. चंद्रपूरपासून चिपळूणपर्यंत सुटे भाग मिळाले पाहिजेत. बारा हजार ही किंमत या सगळ्या डोलाऱ्यावर उभी राहते.

२२/
म्हणजे नमुना आणि उत्पादन यांच्यामध्ये एक लांब पूल असतो. कोठेही एकटा कारागीर तो एकट्याने बांधत नाही; भांडवलदार, बँक, चाचणी-संस्था आणि सरकार यांपैकी कोणीतरी दुसऱ्या काठावरून हात देते. त्या काळी केरळात अरविंद ऑटोमोबाईल्सने स्वदेशी मोटारीचा नमुना घडवला, तोही पलीकडे पोचला नाही. बंगळूरच्या सिपानींनी तीन चाकांची ‘बादल’ बाजारापर्यंत आणली, पण ती टिकली नाही. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ मध्येच उभी राहिली होती. मात्र चाचणीत उतरलेल्या नमुन्याला पाचशे गाड्यांपुरता, प्रयोगादाखल परवाना द्यावा, अशी मधली पायरी कोणी बांधली नाही. सगळे किंवा काहीच नाही, एवढेच दोन पर्याय होते.

२३/
पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण मागांचा धागा धरून वाचली तर तिला वेगळाच अर्थ येतो. १९८० मध्ये मारुतीचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८१ मध्ये मारुती उद्योग स्थापन झाली, १९८२ मध्ये जपानशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ घनसेंटिमीटरची ती गाडी सुझुकीच्या अल्टोवर बेतलेली होती. भारताला लहान मोटार अखेर एका माग बनवणाऱ्या कारागिराने स्थापलेल्या कंपनीकडूनच मिळाली. फक्त ते मागांचे गाव पंचगंगेच्या काठचे नव्हते.

२४/
मोटारींवरील परवाना पद्धत १९९३ मध्ये संपली. पाच वर्षांत, १९९८ मध्ये, पुण्यातून टाटांची इंडिका आली. तिचे बाह्यरूप इटलीतील तुरीनच्या संस्थेच्या साहाय्याने घडले, अभियांत्रिकी पुण्यातली होती. २००८ मध्ये गिरीश वाघ यांच्या चमूने घडवलेली नॅनो जगासमोर आली: मागे बसवलेले दोन सिलिंडरचे लहान इंजिन, चार माणसे, एक लाख रुपये. दुचाकीवर चौघांनी बसणाऱ्या कुटुंबाची ती मोटार. कल्पना शंकररावांना परकी वाटली नसती. नॅनोचे उत्पादनही २०१८ मध्ये थांबले. उत्तम आराखडा, अफाट भांडवल आणि मोकळा कायदा असूनही गिऱ्हाईक आपला स्वतंत्र निकाल देते, हे तिने दाखवले.

२५/
आणखी एक उदाहरण कायद्याच्या सामर्थ्याचे आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २०१२ मध्ये एक हलके चारचाकी वाहन दाखवले. पुढे त्याचे नाव ‘क्यूट’ झाले. २१६ घनसेंटिमीटरचे इंजिन, तेही मागे. रिक्षा म्हणावी तर चाके चार, मोटार म्हणावी तर मोटारीच्या नियमांत बसत नाही. सरकारने त्यासाठी वाहनांचा नवा वर्गच निर्माण केला. न्यायालयीन वाद आणि अधिसूचना यांत काही वर्षे गेली आणि २०१९ मध्ये ते महाराष्ट्रात विक्रीस आले. जपानने १९४९ मध्ये जे केले, त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट आपण सत्तर वर्षांनी केली. मात्र ती खिडकी उघडायला बजाजएवढी मोठी कंपनी लागली.

२६/
आणि एकट्या कारागिराचे काय? २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी भंगारातील भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप घडवली. चित्रफीत देशभर पाहिली गेली. ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती थांबवली जाईल, असे म्हणत उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती दिली. कौतुकाची रीत म्हणून ती उमदी होती. पण लक्षात घ्या: ज्या टापूत १९४९ मध्ये घरी घडवलेल्या मोटारीला क्रमांक मिळाला, तेथेच २०२१ मध्ये तसा क्रमांक मिळण्याची वाट उरलेली नव्हती.

२७/
म्हणजे सत्तर वर्षांत कुलूप एका दारावरून दुसऱ्या दारावर गेले. तेव्हा एक मोटार नोंदवणे शक्य होते, हजार बनवणे अशक्य. आज भांडवल असेल तर हजार बनवायला परवाना लागत नाही, पण एकट्याने घडवलेली एक मोटार रस्त्यावर आणणे जवळपास अशक्य. प्रत्येक नमुन्याची सुरक्षा आणि धूर यांची चाचणी हवीच. रस्त्यावर दुसऱ्याचेही मूल चालत असते. परंतु ब्रिटनमध्ये एकाच हाताने घडवलेल्या एकाच गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला नोंदणी देण्याची सोय आहे. याच देशात १९४८ मध्ये कॉलिन चॅपमन यांनी जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन आपली पहिली गाडी घडवली आणि त्यातून लोटस कंपनी जन्मली.

२८/
आज चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर येथील तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलामुलींसमोर विजेची मोटार आहे. तिच्यात इंजिनापेक्षा हलते भाग कितीतरी कमी. वजनाचे गणित मात्र तेच, कारण जड गाडीला मोठी बॅटरी लागते आणि मोठी बॅटरी गाडीला आणखी जड करते. म्हणजे शंकररावांचा पहिला प्रश्न अजून जिवंत आहे. त्यांच्याकडून घेण्याजोगा धडा दुहेरी आहे. आराखडा मनापासून करावा. आणि त्याच वहीत साचे, पुरवठादार, चाचणी आणि किंमत यांचीही पाने पहिल्या दिवसापासून ठेवावीत.

२९/
मीरेला ‘हुकलेली मारुती’ म्हणण्याचा मोह आवरावा. ती बाजारात आली असती तर यशस्वी झालीच असती, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. नॅनोने ते शिकवले आहे. पण तिला बाजारासमोर उभे राहून हरण्याचा हक्क होता. तो मिळाला असता तर तिच्या हातून काही शेकडा कारागीर मोटार बनवायला शिकले असते, काही चुका कळल्या असत्या, काही सुधारल्या असत्या, आणि पुढचा नमुना कोऱ्या कागदावरून सुरू झाला नसता. देशाने गमावली ती ही शिकवणी. मोटारी पुढे आल्या. गेलेली पंचवीस वर्षे परत आली नाहीत.

धागा समाप्त. आपल्या गावात, आपल्या ओळखीत कोणी स्वतःच्या हाताने वाहन वा यंत्र घडवले असेल, तर त्याची तारीख, त्याची मापे आणि एक छायाचित्र आजच जपून ठेवा. उद्याचा इतिहास त्यावरच लिहिला जाणार आहे.